पालथी पाटी

जालना,
ता. ४ ऑगस्ट १९७४

ती. संपतदादास,
बेबीनंदाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. त्यात पावसाची हकिगत आहे, मुगाची आहे, तुझ्या दुकानातली भाड्याची सायकल कोणी खड्ड्यात घातली त्याचीही आहे. अण्णांविषयी मात्र एकच ओळ, की अण्णा ठीक आहेत, काळजी नसावी. दादा, मी नर्स आहे. ‘ठीक आहे’ हे दिवसभर ऐकते आणि त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

परवाचीच गोष्ट. आमच्याकडे सुगंधाबाई नावाची मेंढरं राखणारी आजी आली आहे. डॉक्टरांनी पोट दाबून दुखतं का विचारलं, तर म्हणाली न्हाई बा, कायबी न्हाई. मी तिच्या पायांकडे बघत होते. डॉक्टरांचा हात उजव्या बाजूला गेला की तिच्या पायाची बोटं आत वळत होती. मी डॉक्टरांना खुणावलं, त्यांनी पुन्हा नीट तपासलं, आणि दुपारीच तिचं अपेंडिक्स काढावं लागलं. नंतर तिला विचारलं तर म्हणते कशी, परक्या मानसापुढं पोट उघडं टाकायचं आन् वर कण्हायचं, हे काय चांगलं दिसतं का. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, आजारी माणसाचं तोंड पाहुण्यांशी बोलतं आणि अंग घरच्यांशी. मला ते पटलेलं आहे.

अण्णांना झटका आल्यावर ते इथे माझ्या नजरेखाली होते. घरी निघताना उजवा हात-पाय लुळा होता, वाचा गेलेली होती, पण डोळे तेच होते, आपले शाळामास्तरांचे. गोळ्या चालू राहिल्या आणि पोटात अन्न गेलं तर सुधारतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा आता मला सगळं लिही. कसे बसतात, काय खातात, कोण भरवतं, कशावर चिडतात. बारीकसारीक म्हणून गाळू नको. मीच आले असते, पण इथे गॅस्ट्रोची साथ आहे, सगळ्यांच्या रजा बंद आहेत, आणि या वॉर्डातून उठून अण्णांच्या खाटेशी येणं मलाच बरं वाटत नाही.

ती. आईस सविनय जयभीम, कौसल्यावहिनीस आठवण. लोभ आहेच, पत्र मात्र मोठं असावं.

तुझी,
बेबी

* * *

टेंभुर्णी,
ता. ८ ऑगस्ट १९७४

चि. बेबीनंदा हिस,
संपतचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे फौजदाराचं समन्सच. घे, आता सगळं लिहितो.

आधी चांगली बातमी. अण्णांना एक शब्द परत आला. कोणता ते ओळख. बराबर! शाळेत कोणाचं गणित जमलं की बोटाच्या पेरानं पाटीवर टकटक करून म्हणायचे, तोच. आई तर ऐकून रडायलाच लागली. आता घरात दिवसभर बराबर चाललं आहे. आई म्हणाली पाऊस येईल, बराबर. कौसल्या म्हणाली शेळी चुकली, बराबर. मी भीत भीत विचारलं की दुकानात आणखी सायकली घेऊ का, तर तेही बराबर. माझा बेत अण्णांना एका दमात पटला असं या जन्मात पहिल्यांदाच झालं.

जेवणाचं मात्र विचारू नको. त्यांची खाट आम्ही डावीकडून भिंतीला लावली आहे, पडायची भीती नको म्हणून. कौसल्या उजव्या बाजूला बसून भरवते. सासऱ्याचा मान ठेवायचा म्हणून बिचारी पदर पुढं ओढून, मान खाली घालून, कडेनं चमचा नेते. पातळ पेज करते, म्हणजे गिळायला जड नको. दोन-चार चमचे जातात, मग ठसका लागतो, डोळे लाल होतात, आणि अण्णा डाव्या हातानं वाटी ओढून पालथी घालतात. सरळ पालथी, अंथरुणावर. परवा ताट तसंच केलं. काल पाण्याचा पेला. ताटाखाली पडलेलं शीतही उचलून खाणारा माणूस तो, आणि आता हे. कौसल्या चुलीपुढं बसून रडते, तिला वाटतं तिच्याच हातचं नको आहे. शेजारी म्हणून राह्यले की मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला.

विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन यंदा अण्णांच्या जागी मी करतो. फार अडखळतो. लोक समजून घेतात.

तू काळजी करू नको असं लिहिणार होतो, पण तुला ते चालत नाही. तेव्हा थोडी कर. आईचे आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
संपतदादा

* * *

जालना,
ता. १२ ऑगस्ट १९७४

ती. दादास सविनय जयभीम. वि. वि.

असं पत्र हवं होतं मला. आता ऐक.

बराबर या शब्दावर बिलकुल भरवसा ठेवू नका. अशा झटक्यात पुष्कळांचं असं होतं. पावसात दार फुगून बसावं आणि एकच फट उघडी राहावी, मग आतल्या माणसाला काहीही सांगायचं असो, ते त्याच फटीतून येणार. अण्णांना हो म्हणायचं असलं तरी बराबर आणि नको म्हणायचं असलं तरी बराबर. तेव्हा सायकली घेऊ नको. तुझा बेत पटलेला नाही, याची मी खात्री देते.

दुसरं, ठसका. अण्णांचं अर्धं तोंड आणि अर्धा घसा लुळा आहे. पातळ पदार्थ त्यांना आवरत नाही, भलतीकडे जातो. पेज बंद करा. भाकरी दुधात चांगली कुस्करून घट्ट काला करा. भिंतीला टेकवून, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावून ताठ बसवा. खाट उलटी फिरवा, म्हणजे डावी बाजू, चांगली बाजू, मोकळी होईल. लहान घास, डाव्या गालात, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. पाणीही घोट घोटच. आडवं असताना काहीच द्यायचं नाही.

तिसरं सगळ्यात अवघड, कारण ते आईच्या हातात आहे. वहिनीनं अण्णांच्या समोर, तोंडासमोर बसायला हवं. उजवीकडून पदराआडून येणारा चमचा त्यांना दिसत नाही आणि तिला त्यांचा चेहरा दिसत नाही. घास गिळला की अडकला हे मानेवरून कळतं, आणि तिची मान खाली! सासऱ्याचा मान मलाही कळतो. पण भुकेल्या माणसाचा मान त्याला नीट जेवू घालण्यात आहे, असं आईला माझ्या नावानं सांग.

वहिनीला म्हणावं, तुझ्या हातात दोष नाही, बसण्यात आहे. लोभ असावाच, उत्तर लगोलग यावं.

तुझी,
बेबी

* * *

टेंभुर्णी,
ता. १३ ऑगस्ट १९७४

चि. बेबीस,
जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. बातमी कठीण आहे, मन घट्ट करून वाच.

वडीगोद्रीहून साहेबरावकाका आले आहेत. अण्णांची दशा पाहून धाकट्या भावाला जे व्हायचं तेच झालं, उंबऱ्यातच बसून राहिले. त्यांच्या समोरच अण्णांनी पुन्हा वाटी पालथी घातली. काका म्हणाले, दादानं अन्न सोडलं, तुमाला दिसून न्हाई राह्यलं का. त्यांचं म्हणणं असं की अण्णा जन्मभर कोणाचे मिंधे राहिले नाहीत, त्यांना अशा जिण्याचा कंटाळा आला आहे आणि आपण बळजबरीनं औषध ओतून त्यांची विटंबना करतो आहोत.

मग काल, सोमवारी, काका म्हणाले की आपण ठरवायचं न्हाई, त्यांनाच इचारू. सगळ्यांसमोर मी खाटेशी बसलो आणि विचारलं की अण्णा, तुम्ही थकलात का, आता गोळ्या बंद करू का. अण्णा माझ्याकडे बघत बराबर म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मी पुन्हा विचारलं, पुन्हा बराबर.

बेबी, मी अण्णांचा शब्द आजवर मोडलेला नाही. शाळा सोडू नको म्हणाले तेव्हा सोडली नाही, सायकलीचं दुकान काढ म्हणाले तेव्हा काढलं. हा शब्द कसा मोडू? कालपासून गोळी बंद आहे. पाण्यात बोळा भिजवून ओठाला लावतो. तुझा जीव तुटेल हे मला कळतं, माझाही तुटतो आहे. जमलं तर मेट्रनच्या पाया पडून ये.

जास्त लिहवत नाही. लोभ असू दे.

तुझा,
संपतदादा

* * *

जालना,
ता. १६ ऑगस्ट १९७४

ती. दादास जयभीम.

काल सुट्टीमुळे टपाल नव्हतं, तुझं पत्र आत्ता मिळालं. हे टेंभुर्णीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. आधी खालच्या चार ओळी वाच, त्याप्रमाणे कर, मगच पुढचं वाच.

अण्णांना ताठ बसव. गोळी कुटून घट्ट काल्याच्या घासात घाल. डाव्या गालात दे. राहून गेली म्हणून दुप्पट देऊ नको, रोजच्याइतकीच. डॉक्टरांना विचारून लिहिते आहे, ते म्हणाले अजून वेळ गेलेली नाही.

दिलीस? आता वाच.

तू अण्णांचा शब्द पाळला नाहीस दादा, तू एक आवाज पाळलास. मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर बघू. एक परीक्षा घे, काका आणि आई दोघांच्या समोर. अण्णांना विचार, तुमचं नाव साहेबराव आहे का. मग विचार, तुम्ही वडीगोद्रीचे आहात का. विचार की आपली म्हैस सायकल चालवते का. सगळ्यांना बराबर आलं, तर सोमवारच्या बराबरचं काय करायचं ते काकांनीच सांगावं.

आणि तोंड सोडून हाताकडे बघ. दादा, तू चौथीपर्यंत अण्णांच्याच वर्गात बसलास ना? अण्णांनी कधी छडी उचलली नाही. पोरांच्या रांगेतून जाताना काय करायचे? ज्याचं उत्तर चुकलं त्याची पाटी एक अक्षर न बोलता त्याच्याच मांडीवर पालथी घालून पुढं जायचे. वाटी पालथी, ताट पालथं, पेला पालथा. डोक्यावर परिणाम नाही झालेला! जीभ गेली म्हणून ते हातानं बोलताहेत, आणि पालथं म्हणजे नाही. हे असं नको, नाही, नाही, असं सांगताहेत आणि आपण फडकं घेऊन पुसतो आहोत.

मी इथून हलू शकत नाही, पण मला तिथे असण्याची गरजही नाही. तू आहेस. मला तुझी खात्री आहे. दुकानात अण्णांची एखादी जुनी पाटी असेल, ती आण आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेव.

उत्तर याच कंडक्टरजवळ दे. लोभ आहे म्हणूनच इतकी दरडावते.

तुझी,
बेबी

* * *

टेंभुर्णी,
ता. १९ ऑगस्ट १९७४

चि. बेबीस,
जयभीम व पोटभर आशीर्वाद.

गोळी दिली. त्याच दिवशी दिली, तीन दिवस चालू आहे, आज सकाळची मी स्वतः कुटली. आता नीट श्वास घे आणि पुढचं वाच.

तुझं आधीचं पत्रही मिळालं होतं, पण बराबरचं काकांना पटलं नाही आणि भरवण्यावर आई अडली होती. सून सासऱ्याच्या तोंडापुढं बसंल कशी, म्हणाली. त्यात काका बघणार. आणि अन्नच सोडलेल्या माणसासमोर बसून तरी काय, असं सगळं झालं होतं. मग कंडक्टरनं स्टँडवरून माझ्या नावानं अशी आरोळी ठोकली की अर्धा बाजार दुकानात जमा झाला. मी पत्र घेऊन घरी पळत सुटलो.

परीक्षा सगळ्यांसमोर घेतली. अण्णा, तुमचं नाव साहेबराव का? बराबर. काका चमकले. वडीगोद्रीचे का? बराबर. मग काका स्वतःच पुढं झाले आणि म्हणाले, मंग तातेराव तू न्हाई, म्या हाय व्हय? अण्णा त्यांच्याकडे बघून म्हणाले, बराबर. म्हशीपर्यंत जायची वेळच आली नाही. काका उठून अंगणात गेले आणि बराच वेळ धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. परत आले ते सरळ खाटेला हात घालून, ही फिरवायची कशी ते सांगा म्हणत.

खाट फिरवली. अण्णांना टेकवून बसवलं. कौसल्या काल्याची वाटी घेऊन आली आणि सवयीनं पुन्हा कडेला वळली. तेव्हा आईनंच तिचा पदर कपाळावरून मागं सारला आणि खांद्याला धरून तिला समोर बसवलं. म्हणाली, बघ त्यांच्याकडं, तुजा बापच हाय तो. कौसल्याला वर बघायला जरा वेळ लागला. मग पहिला घास गेला. थांबली, गळ्याकडे बघितलं, दुसरा गेला. वाटी संपली बेबी. ठसका नाही, काही नाही. अण्णांनी रिकामी वाटी डाव्या हातात घेतली तेव्हा कौसल्या सवयीनं फडकं शोधायला लागली. त्यांनी ती सुलटीच खाली ठेवली.

आता एक गोष्ट तुला सांगायची आहे, आणि ती सांगताना मला फार आनंद होतो आहे. तू चुकलीस. पालथी पाटी म्हणजे नाही, असं तू लिहिलंस. नाही बाई. पालथी पाटी म्हणजे पुन्हा कर. अण्णा पुढं जायचे ते रांगेच्या टोकापर्यंत, आणि मग फिरून परत त्याच पोराकडे यायचे. सगळ्यांच्या पाट्यांवर टकटक झाल्याशिवाय शाळा सुटत नव्हती. तू हुशार, तुझी पाटी कधी पालथी पडलीच नाही, तुला कुठून ठाऊक असणार? या विषयात टेंभुर्णीत माझ्याइतका अनुभवी माणूस नाही.

म्हणजे अण्णांनी अन्न कधी सोडलंच नव्हतं. ते म्हणत होते, असं नाही, पुन्हा भरव.

आईचे, काकांचे आशीर्वाद. कौसल्या म्हणते, ताईंना माझा खास जयभीम लिहा. लोभ असावा, चुकलीस तरी असावा.

तुझा,
संपतदादा

* * *

जालना,
ता. २३ ऑगस्ट १९७४

ती. दादास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी औषधांच्या खोलीत उभ्यानं वाचलं आणि मोठ्यानं हसले. मेट्रन आत आल्या, त्यांना वाटलं मला साथ लागली. मग त्यांनाही वाचून दाखवलं. हार कबूल आहे. पालथी म्हणजे पुन्हा कर. उद्यापासून वॉर्डात कोणी ताट लोटलं तर नको आहे असं मी आधी लिहिणार नाही, काय पुन्हा करायला हवं ते बघेन. हे तुझ्याकडून शिकले, सायकलवाल्या.

सुगंधाबाई काल घरी गेली. जाताना मला म्हणाली की पोरी, आता दुखलं तर बोंबलीन बघ. मी म्हटलं, बोंबल, मी कान देते.

वहिनीला सांग की रोज सकाळी अण्णांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत हळूहळू हलवत जा. गोळ्या संपत आल्या असतील, आणखी कंडक्टरजवळ पाठवल्या आहेत.

एक काम मात्र राहिलं आहे आणि ते तुझंच आहे. काकांसमोर त्या सोमवारी तू अण्णांना जो प्रश्न विचारलास तो अजून तसाच पडून आहे. तुला वाटतं गोळी सुरू झाली म्हणजे मिटलं. नाही. ते ऐकू शकतात दादा, त्यांनी तुझा प्रश्न ऐकला आहे. आपला मुलगा आपल्याला काय विचारतो आहे हे त्यांना कळलं होतं, आणि तेव्हा त्यांच्या हाताशी पाटी नव्हती. तेव्हा पुन्हा कर.

साथ ओसरली की पहिल्या गाडीनं येते. तोवर लोभ तुम्ही सांभाळा, अण्णा मला सांभाळलेले हवेत.

तुझी,
बेबी

* * *

टेंभुर्णी,
ता. २८ ऑगस्ट १९७४

चि. बेबीस,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशीही दुकानात बसून राहिलो, नसलेली पंक्चरं काढत. काल संध्याकाळी विहारातून आलो. अण्णा टेकून बसले होते, पाटी डाव्या हाताखाली. आई, कौसल्या जवळच होत्या, काका गावी जायला निघाले होते ते थांबले. मी समोर बसलो. वर्गात बसायचो तसाच, मांडी घालून.

विचारलं की अण्णा, तुम्ही थकलात का, गोळ्या बंद करू का. तेच शब्द वापरले, बदलले नाहीत. अण्णा म्हणाले, बराबर. आणि ते म्हणत असतानाच त्यांनी पाटी उचलली, माझ्या मांडीवर आणली आणि पालथी घातली. हात काढला नाही. पाटीवर तसाच दाबून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. मला गुणाकार येत नसे तेव्हा बघायचे तसे.

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सगळ्यांसमोर रडलो. मग मला कळलं की हे थांबले आहेत, रांगेच्या टोकाला जाऊन परत आले आहेत, आणि माझ्या उत्तराची वाट बघताहेत. मी पाटी सुलटी केली. म्हटलं, अण्णा, तुम्हाला बरं व्हायचं आहे, आणि मी तुम्हाला बरं करणार आहे.

त्यांनी बोट वाकवलं. पाटीवर पेरानं टकटक केलं, आणि म्हणाले, बराबर.

हाताची आणि तोंडाची गाठ पडली बेबी. आई म्हणाली, आता खरं बोलले.

काका आज गेले. सायकलींचं विचारायचं होतं, पण पाटी जवळ असेपर्यंत विचारणार नाही. सगळ्यांचे तुला आशीर्वाद. लोभ असावा, पाटी पालथी पडली तरी असावा.

तुझा,
संपतदादा